टेबल चार

सोमवार, ४
आजपासून रुजू झाले! रक्त तपासायची लॅब, तीन खोल्या, आणि सर्व्हर सांभाळायला मी एकटी. टेबल खिडकीशी मिळालं, खुर्ची करकरत नाही. आणखी काय हवं? डॉक्टर मोजकं बोलतात. रिपोर्ट टाइप करणाऱ्या तिघीजणी आहेत. त्यांतल्या थोरल्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांनी आल्या आल्या चहा पाजला आणि लगेच गाऱ्हाणं मांडलं: तिघी एकाच खात्यातून सर्व्हरवर काम करतात, आणि कनेक्शन तुटून परत जोडलं की आपलं सोडून दुसरीचाच अर्धवट रिपोर्ट समोर येतो. म्हटलं, दोन दिवसांत सरळ करते.

मंगळवार, ५
दोष सापडला. कनेक्शन तुटलं तरी सेशन, म्हणजे उघडं राहिलेलं काम, सर्व्हरवर तसंच चालू राहतं. खातं एकच, म्हणून परत येणारीला सर्व्हर हाताला लागेल ते सेशन देऊन मोकळा होतो.
पण यादीत सेशन चार दिसतात. चौथ्यापुढे नाव ‘टेबल ४’. टेबलं तर तीनच. वहिनी म्हणाल्या, माझ्या आधीचे गृहस्थ तिथे बसायचे, ते टेबल कधीच काढून टाकलं. ते का गेले म्हणून विचारलं, तर वहिनींना एकदम काम आठवलं.

बुधवार, ६
चौथं सेशन उघडलं. एका माणसाचा रिपोर्ट, आकडे भरलेले, खाली शेरा: तातडीने दाखवा. रजिस्टरमध्ये हे नाव नाही. दुपारी तोच माणूस रक्त द्यायला आला. मशीनमधून आकडे आले, ते दशांशासकट तेच.
वहिनींचाच काहीतरी डाव असणार. नवखी बघून माझी फिरकी घेताहेत. सेशन बंद करून टाकलं.

गुरुवार, ७
सकाळी परत चालू. तिघींना वेगळी खाती दिली. जुन्याचा पासवर्ड बदलला. तो मी सोडून कुणाला ठाऊक नाही. मग चौथं सेशन उघडं ठेवून वहिनींना माझ्या शेजारी बसवलं. त्यांचे हात मांडीवर होते. पडद्यावर अक्षरं उमटत होती.
त्या हळूच म्हणाल्या, “बंद करू नकोस गं. तुझ्या आधीच्यांनीही केलं होतं.”

शुक्रवार, ८
खातंच पुसलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, आकडे चुकतात का? नाही म्हटलं. मग राहू दे, म्हणाले.
चौथं आहेच. आज त्यात धाकट्या बहिणीचं नाव. वय, पत्ता, सगळं बरोबर. आकड्यांचे रकाने कोरे.
फोन केला. चक्कर येतेय म्हणून तपासायला तुझ्याकडेच आलेय, खालीच आहे, म्हणाली. जिन्यातूनच परत पाठवली. ओरडलेच तिच्यावर. रडत गेली.

शनिवार, ९
धाकटी घरी आहे. दुसरीकडे तपासून घेतलं, बरी आहे. माझ्याशी बोलत नाही.
वहिनी आल्या नाहीत. डॉक्टर नजर चुकवताहेत, की मलाच तसं—
चौथ्यात धाकटीचं नाव पुसलं जातंय. एकेक अक्षर. त्या जागी माझं.
सर्व्हरची वायर उपटली. पडद्यावर चौथं चालूच.
रक्त देणार नाही. सुई घेऊन कुणी जवळ आलं तर—
आकडे भरताहेत. कशाच्या जोरावर? सॅम्पल तर—
‘सॅम्पल मिळालं, सकाळी १०.४०.’
आत्ता पावणेअकरा.
डाव्या कोपराच्या आत कापूस चिकटवलाय. ओला आहे. मी कधी बस—