पहिली मूठ

अण्णा, आपल्या गिरणीच्या जागेत आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मागच्या महिन्यात औरादला आले तेव्हा मुद्दाम आत डोकावले. भिंतींना निळा रंग दिलाय, पण छताच्या कोपऱ्यात पिठाचा थर अजून तसाच आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तो थर कुठल्या दळणाचा असेल, असा एक निरर्थक प्रश्न मनात आला आणि तो घेऊनच मी बंगळुरूला परतले.

मिरचीचं यंत्र वेगळं होतं, धान्याची चक्की मात्र एकच. ज्वारीवर गहू टाकला की बायका भांडायच्या, "कामून ओ अण्णा, माझ्या गव्हात तिची ज्वारी टाकायलाव?" तुम्ही हसून म्हणायचात, "तुमचा गहू पुढचीच्या डब्यात जातोय की, फिट्टंफाट!" उपासाच्या दळणाला मात्र हा हिशेब चालायचा नाही. भगर आली की मोटर बंद. झाकण उघडून दगड कुंच्यानं झाडायचे, पिठाची कापडी नळी उलटी करून झटकायची, आणि मग घरच्या भगरीची एक मूठ आधी दळून ते पीठ म्हशीपुढं टाकायचं. गिऱ्हाइकाचं धान्य त्यानंतर. पहिली मूठ आपली, असं तुम्ही म्हणायचात.

ती नवरात्राची सातवी माळ होती. मी गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेली. तुम्ही गिरणी माझ्यावर सोपवून जेवायला गेलात. बारा वाजता लाईट जाणार होती आणि दारात डब्यांची रांग. मागच्या गल्लीतल्या मावशींनी, नऊ दिवसांचा उपास धरलेल्या त्या मावशींनी, भगर ठेवली आणि त्या घरी गेल्या. रांगेतली एक बाई मला टोचत होती, "इंजिनेर व्हायलीस म्हणं, मग हात कामून चालंनात गं?" मोटर बंद करायची, झाडायचं, पुन्हा सुरू करायची, याला दहा मिनिटं तरी गेली असती. मी ज्वारीवरच भगर ओतली. मावशींची नात डबा घेऊन गेली, नंतर लाईटही गेली.

तुम्ही आलात आणि विचारलंत, "मूठ टाकलीस का?" मी म्हणाले, "व्हय." तुम्ही नळीत हात घातलात, चिमूटभर पीठ अंगठ्याखाली घोळवलंत आणि पंच्याला हात पुसलात. लाईट परत येईपर्यंत बाकावर बसून राहिलात. मग चक्की झाडली, मूठ टाकली, घरची भगर दळली आणि त्या पिठाचा डबा माझ्या हातात दिलात. "चल."

मावशी फराळ करून हात धूत होत्या. तुम्ही उंबऱ्याबाहेरूनच सांगितलंत, "मावशी, तुमच्या पिठात ज्वारी गेली. माझ्या हातून."

"आता कामून सांगितलास रे बाबा? खाऊन बसले की मी! न कळता खाल्लेलं देवीला चालतंय."

"देवीला चाललं असतं. पर उरलेलं पीठ डब्यात हाय न्हाई का? सांजच्याला परत खाल्लं असतं."

मावशींनी ही गोष्ट गल्लीभर केली. दिवाळीनंतरच्या एकादशीला उपासाचं एकही दळण आपल्याकडे आलं नाही. आई आठवडाभर धुमसत होती. तुम्ही मला एका शब्दानं काही म्हणाला नाहीत, आणि मी त्याला क्षमा समजून मोकळी झाले.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याकडे मेमरीचा तुकडा मागतो, वापरतो, परत करतो. तोच तुकडा मग दुसऱ्याला मिळतो. देताना तो झाडून दिला नाही तर आधीच्याचं उरलेलं, कुणाच्या पासवर्डाची अक्षरंसुद्धा, पुढच्याच्या हाती जातं. नेटवर्क कार्डासाठी मी या कर्नलचा एक भाग लिहिला होता. सहा वर्षांनी काही दुसरं शोधताना तो वाचला. चौसष्ट घरांचा तुकडा घेतलाय, चाळीस घरं भरलीत आणि चौसष्टच्या चौसष्ट बाहेर दिलीत. उरलेल्या चोवीस घरांत आधीच्याचं पीठ. सहा वर्षं.

दुरुस्ती एका ओळीची होती: आधी सगळीकडे शून्य भरायचं. सोबतच्या टिपणात काय लिहू, असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "किरकोळ साफसफाई, एवढंच लिहा. कुणाला कळलंय का? मग उगाच गाजावाजा कशाला?" मी तसंच लिहिलं. पण किरकोळ साफसफाईसाठी चालू मशीन कोण थांबवतं? जुना कोड जिथे जिथे होता तिथे तो तसाच फिरत राहिला. उरलेलं पीठ डब्यातच होतं. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी तीन आठवडे मी गप्प बसले. औरादहून परतल्यावर मात्र साहेबांना सांगून, वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र पाठवलं. यातून दुसऱ्याची माहिती बाहेर जाते, ही दुरुस्ती ताबडतोब घ्या, असं.

एवढंच असतं तर हे लिहायला बसले नसते. त्या पत्रात मी लिहिलं की एक चूक "आढळली आहे". जणू ती वाटेवर पडलेली होती. कोडवर कंपनीचं नाव आहे, माझं नाही. कुणी विचारलंच नाही. उलट अनोळखी लोकांची उत्तरं आली, एवढी बारीक चूक शोधून काढल्याबद्दल आभार मानणारी. तुम्ही दुसऱ्याची चूक आपल्या हातावर घेऊन मावशींच्या दारात उभे राहिलात. मी स्वतःची चूक शोधल्याबद्दल शाबासकी घेतली. प्रत्येकाला उत्तर लिहिलं, धन्यवाद म्हणून. त्या दिवशी गिरणीत मी म्हणाले होते, तेच ते "व्हय".

त्यांना उद्या खरं लिहीन का, माहीत नाही. तुम्हाला सांगायचंही मागे असंच ठरवलं होतं आणि राहून गेलं. हे पत्र कुठं जाणार नाही, वहीतच राहील, म्हणून इथे तरी लिहिते. अण्णा, मूठ मी टाकली नव्हती.