रायफलीच्या दुर्बिणीतला लाल ठिपका

अण्णा,

या दुर्बिणीची खरी किंमत आधी सांगतो. पावतीवरची रक्कम सोडा, ती देऊन मी विसरलो. त्याखेरीज गेले ते माझे हिवाळ्यातले शनिवार, इथल्या विकलो नावाच्या डोंगराळ भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा माझ्यावरचा विश्वास, आणि एका हरिणीची संध्याकाळ. ती एका क्षणात सुटायला हवी होती, माझ्यामुळे सुटली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात दुसऱ्याच्या लेथवर उभा होतो. त्यामुळे मी आयर्लंडमध्ये राहतो, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि मी शिकार करतो, हे सगळं तुम्हाला एका दमात सांगावं लागतंय. दचकू नका. इथे हरणं फार झाली आहेत, कोवळ्या झाडांच्या साली सोलून खातात. ज्याची झाडं, तो शेतकरी लायसन्सवाल्याला आपणहून बोलावतो. मांस घरी ल्यूकनला येतं आणि तुमची सून त्याचा तांबडा रस्सा करते. लेक मिटक्या मारत खाते आणि इंग्रजीत म्हणते की बाबा, हे फारच क्रूर आहे.

तर दुर्बीण. रायफलीवर बसवायची, इथे सगळे तिला स्कोप म्हणतात. माझी जुनी साधी होती, आत जाड काळी फुली, बाकी काही नाही. तिच्यात पाणी शिरलं म्हणून नवीन घ्यायला निघालो आणि अण्णा, डोकं पिकलं. शहरात बॉल्सब्रिज भागात ऑफिस असलेला आपला एक नागपूरकर मित्र, ज्याने जन्मात छर्ऱ्याची बंदूक धरली नाही, त्याने मला बारा रकान्यांचा तक्ता करून पाठवला. दुकानातला पोरगा म्हणाला, पंचवीस पट मोठं दिसतं. मी म्हटलं, मला दीडशे पावलांवरचं हरीण बघायचंय, त्याच्या कानातली गोचीड नाही. तरी तो डायल दाखवत राहिला, क्लिक-क्लिक करत राहिला. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. विकणाऱ्याचा आवाज अर्धा सूर चढला की माल त्याला खपवायचाय हे मला कळतं. कळूनही मी तोच घेतला. अंधारात पेटणारा लाल ठिपका होता ना आत! काचेपासून डोळा किती लांब ठेवता येतो, तेही एका रकान्यात होतं. तो रकाना मी वाचलासुद्धा नाही. तो चष्मा लावणाऱ्यांसाठी असतो, आणि आपल्या घरात चष्मा न लागलेला एकटा मी.

तुम्हीच सांगायचात सगळ्यांना. इचलकरंजीतलं आपलं दुकान, यंत्रमागाच्या खडखडाटात तुम्ही गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून पहिलं वाक्य विचारताय, “बघायचंय काय?” रफूवालीला वेगळी काच, ट्रकवाल्याला वेगळी, पोथी वाचणाऱ्याला वेगळी. आधी काम, मग काच. मी डिप्लोमाला होतो तेव्हा एक कारखानदार आला, परदेशी काच मागत होता, आणि तुम्ही त्याला साधी दोन भिंगांची देऊन पाठवलंत. मी चिडून म्हटलं, अण्णा, तो द्यायला तयार होता. तुम्ही फडक्याने काच पुसत म्हणालात, “गिऱ्हाईक डोळे घेऊन येतं, तू खिसा बघतोस.” चार लोकांत बोललात. अजून लागतं ते. आणि वर हसून त्याच कारखानदाराला सांगितलंत, “पोरगा तापट आहे, पण नजर बघा, चष्मेवाल्याचा मुलगा आणि चष्मा नाही.”

नोव्हेंबरातली ती संध्याकाळ. उजेड जातोय, हरिणी ओढ्याच्या काठावर आडवी उभी आहे. पंचवीस पटीत नुसती करडी भिंत दिसते, कमी करत आणतो तेव्हा ती सापडते. लाल ठिपका पेटवतो तर तो ठिपका नाहीच, शेपटी फुटल्यासारखा फराटा, खांद्यापासून पोटाकडे ओघळलेला. तरी मी चाप ओढला. गोळी लागल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि हाडावर लागते तेव्हा येतो तसा तो नव्हता. ओलं पोतं आपटावं तसा होता. पाहण्याआधीच मला कळलं की पोटात लागली. शेतकऱ्याचा कुत्रा नसता तर ती सापडली नसती. सापडली तेव्हा जिवंत होती. शेतकऱ्याने तिला संपवलं, हात गवताला पुसले आणि शांतपणे म्हणाला, “तुझ्या त्या नळीतून चंद्रावरचे खड्डे दिसत असतील, गड्या. माझ्या टेकडीवर हरणं येतात. नीट मारता येत नसेल तर येऊ नकोस.” सीझन संपेपर्यंत सुधारलो नाही तर टेकडी दुसऱ्या कुणाला देणार, हेही त्याने सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग मी तुमच्यासारखा बसलो. बघायचंय काय? संध्याकाळच्या उजेडात, झाडीच्या कडेला, उभं हरीण. म्हणजे तीन ते नऊ पट पुष्कळ. पुढची काच रुंद, पण रायफल डोकेजड होईल इतकी नाही. फुली साधी. डायलवर टोपणं, झुडपात घासून फिरू नयेत म्हणून. धुकं आत शिरणार नाही अशी, धक्क्याने न हलणारी. एवढंच. दुसरी आणली, ठिपक्याला शेपूट. परत केली. तिसरी आणली, चांगल्या नावाची, शेपूट आहेच. मी संतापलो. यंत्रं बनवून पोट भरणारा माणूस मी, एवढा साधा गोल दिवा कुणाला करता येत नाही?

दुकानात गेलो तर मालकीण गल्ल्यावर. तिने डोळा लावला, म्हणाली, गोल आहे. मी म्हटलं, थांबा, दाखवतो. शेपटी कुठल्या बाजूला आहे ते दाखवायला मी स्कोप डोळ्यासमोर हळूहळू गोल फिरवला. आत फुली फिरली, अण्णा. शेपूट जागची हलली नाही.

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. नळी फिरते आणि फराटा फिरत नाही, म्हणजे फराटा नळीत नाही, डोळ्यात आहे. तुम्ही माणसाच्या नाकावर चौकट ठेवून भिंग फिरवायचात, हेच बघायला. मालकीण वाट बघत होती. “ग्रँड,” म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘बरं’, “मग आता काय बदलून देऊ?”

मी चौथी घेतली. तीन ते नऊ पट, साधी फुली, आणि काचेपासून डोळा सगळ्यात लांब ठेवता येईल अशी. शेतकऱ्याला फोन करून कारण सांगितलं. तो म्हणाला, आधी माझ्यासमोर कागदावर पाच गोळ्या मार, मग बघू. परवा मारायच्या आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून विचारून घेतो. साऱ्या गावाला त्या खुर्चीत बसवलंत, मला एकदाही का नाही? ल्यूकनच्या डॉक्टरणीने मला रेघांचा तोच तक्ता दाखवला, तुमच्या भिंतीवर होता तो. उजव्या डोळ्याला दीडचा सिलिंडर नंबर आहे, ठिपक्याला शेपूट फोडणारा, आणि तो लहानपणापासूनचा आहे.