कांडीचा मळ आणि द्रौपदीचं पाणी

मांजर्ली, बदलापूर पश्चिम
सोमवार

ती. यशोधराताईस,
धाकट्या शंकरचा मनापासून जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला अजून मुक्कामालाच आहे असं कळलं, त्यांनाही जयभीम सांग. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी पार हादरलोय. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं द्रौपदीला भिंतीपलीकडूनही ऐकू जातं. म्हणून पत्र. (पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तार करायला आलोय.)

कालच्या आधीच्या रविवारी आपल्या अस्मिताला पाहायला शहाडची मंडळी आली होती. मुलगा विनीत आणि त्याचे वडील दौलतराव. विनीत पाणी शुद्ध करण्याची मशीनं विकणाऱ्या कंपनीत आहे. दिसायला नीटस, बोलायला गोड, पण मुलगी पाहायला येतानाही धंद्याची बॅग खांद्याला. (तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण पोह्यांचा वास आला आणि राहिलं.) द्रौपदीने पाणी आणलं. तिचं पाणी तुला ठाऊक आहे. उकळणार, फडक्यातून गाळणार, मगच माठात. पुराच्या वर्षी आमची अख्खी विंग तिच्या हंड्यावर जगली. तिच्या आजीला गावात लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, पेला हाती द्यायचे नाहीत. म्हणून आपल्या दारातून कुणी तहानलेलं जायचं नाही, आणि प्रत्येकाला पेला हातातच द्यायचा, हा तिचा नेम. कुरिअरवालासुद्धा त्यातून सुटत नाही.

तर तो पेला विनीतने हातात घेतला आणि पिण्याऐवजी टीपॉयवर ठेवला. शेजारी दुसऱ्या पेल्यात आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. बॅगेतून एक यंत्र काढलं, त्याच्या कांड्या दोन्ही पेल्यांत सोडल्या आणि प्लग लावला. "अंकल, आता पाणी आयोनाइज होतंय, बरं का. अंदर का सगळा कचरा बाहेर येणार." आणि ताई, आमच्या पेल्यातलं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग नाल्यासारखं! त्याचं मात्र तसंच स्वच्छ. दौलतराव "अरे बापरे" म्हणाले. माझी तर वाचाच बसली. (तरी मी काहीतरी बोललो म्हणतात. त्याचं पुढे बघू.) द्रौपदीने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर तिने माठ पालथा घातला. त्या दिवसापासून कुणालाच पाणी नाही. शेजारचे हिंदुराव येऊन बसले, कोरडेच उठले आणि खाली जाऊन विचारू लागले, की शंकररावांकडे काही वाईट बातमी आहे का. "अस्मिताचं लग्न ठरलं, तर वऱ्हाडाला मी काय देऊ, गटार?" एवढं एकच वाक्य द्रौपदी बोलली.

पुढचा धक्का गुरुवारी. विनीतचं यंत्र गडबडीत आमच्याकडेच राहिलं होतं. केर काढताना ते द्रौपदीला सापडलं. तिने कांड्या उजेडात धरून पाहिल्या. लोखंडाची कांडी सहाणेवरच्या चंदनासारखी झिजली होती. ती तडक स्टेशनवर गेली, सीलबंद पाण्याची बाटली आणली, पेल्यात ओतली, चाखून "अळणी आहे" म्हणत चिमूटभर मीठ घातलं आणि प्लग लावला. (मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो होतो.) तोच नाला! बाटलीतल्या पाण्याचा! "मळ कांडीचा आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात अस्मिता आनंदनगरच्या कंपनीतून आली. ती तिथे लॅबमध्ये असते, केमिस्ट्रीची पदवीधर. पेल्याकडे पाहून म्हणते, "हो मग!" म्हणजे पोरीला रविवारपासून माहीत होतं! मी ओरडलो, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्हीच बजावलं होतंत, पाहुण्यांपुढे केमिस्ट्री काढायची नाही. (मागचं स्थळ तिने कोल्ड्रिंकमधल्या आम्लावर व्याख्यान दिल्यावर परत आलंच नाही, त्यामुळे बजावलं होतं हे खरं.)

मग आम्हाला शिकवणी मिळाली. तू शाळेत हे शिकवायचीस तेव्हा मी घरी झोपा काढायचो, म्हणून तपासून बघ. अणूने इलेक्ट्रॉन गमावला किंवा कमावला, की त्याच्यावर विद्युतभार येतो, तो आयन होतो. याला आयनीभवन होणं म्हणायचं. वीज लागली की लोखंडाचं आयनीभवन होतं, ते कांडी सोडून पाण्यात उतरतं आणि तिथे त्याचा गंजासारखा गाळ होतो. विनीतच्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हते, म्हणून वीज वाहिली नाही आणि कांडी शाबूत राहिली. मी हुशारीने म्हणालो, म्हणजे मिठाचंही आयनीभवन झालं! तर नाही म्हणे. मिठात आयन आधीपासूनच असतात, पाण्यात ते फक्त सुटे होतात. त्याला विचरण म्हणायचं.

शनिवारी अस्मिताने विनीतला स्वतः फोन करून बोलावलं. (स्वतः! आमच्या काळी...जाऊ दे.) त्याच्यासमोर तोच प्रयोग केला. पोरगा पांढराफटक पडला. त्याला खरंच माहीत नव्हतं गं. कंपनीने शिकवलं तसं तो करत होता, स्वतःच्या आईलाही नळाचं पाणी बंद केलं होतं त्याने. मग म्हणाला, "मावशी, पाणी मिळेल?" द्रौपदीने माठ सरळ केला, भरला आणि पेला त्याच्या हातात दिला. तो एका दमात प्यायला आणि दुसरा मागितला. अस्मिता हसली. बोलणी पुढे सरकली असं समज. एकंदरीत सगळं गोड झालं.

तुझा,
शंकर

ता. क. बोलणी करायला येत्या रविवारी ये, पण जरा लवकर. माठ भरला, पाणी सगळ्यांना मिळतं, हिंदुरावांना दोनदा मिळालं. मला मात्र द्रौपदी देत नाही. तिचं म्हणणं, पेल्यात गाळ दिसताच मी माझा पेला दूर सरकवला आणि विनीतला म्हणालो, "तुमच्या बाटलीतलं घोटभर द्या." मी सरकवला नव्हता. टीपॉय गुळगुळीत आहे.

आणखी ता. क. ती म्हणते, परक्या पोराला कंपनीने फसवलं, पण तुम्ही तर लग्नापासून माझ्या हातचं पाणी पिताय. याला विज्ञानात काही उत्तर असेल, तर घेऊन ये. माठ समोरच आहे, मला मनाई नाही. पण स्वतः ओतून घेतलेलं घशाखाली उतरत नाही गं ताई.