कोपऱ्यातले तारे

११ जानेवारी २०२६, रविवार

चोवीस मिलिमीटरची लेन्स बाद! आकाशगंगेची कमान तिच्यात मावत नाही. दोन्ही टोके कापली जातात. दोन-तीन फोटो काढून जोडता येतात, असे लोक सांगतात. गोधडीही जोडूनच करतात. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जोडलेले आकाश येणार नाही.

पुण्याचे प्रकाशक म्हणाले, 'मॅडम, नेटवरून एखादा छानसा घेऊ या की.' त्यांनी पाठवलेला छानसा फोटो न्यूझीलंडचा होता. आकाशदर्शनावर मराठीत पुस्तक मी लिहायचे, आणि वर आकाश दक्षिण गोलार्धाचे — तेही आपल्या दृष्टीने उलटे! मार्चअखेर मुखपृष्ठ मीच देईन, असे कळवले आहे.

१४ जानेवारी

लातूरला जाऊन आले. उमाशंकर लग्नांचे फोटो काढतो आणि जुन्या-नव्या लेन्स विकतो. मराठवाड्यात वाइड अँगल लेन्स हाताळून बघायला मिळण्याचे दुसरे ठिकाण मला माहीत नाही, म्हणून त्याचे बोलणे ऐकून घ्यावे लागते.

'मॅडम, ही वीसची घ्या. एकच नंबर! अर्धा मंडप रिकामा असला तरी फुल्ल दिसतोय हिच्यात.'

कोपऱ्यांत प्रतिमा कशी राहते, असे मी विचारले.

'कोपऱ्यातल्या माणसाचं पोट लई सुटतंय, हे खरं हाय. म्हणून कडेला म्या नवरीकडचे उभे करून राहिलो.'

मी ताऱ्यांविषयी विचारत होते. त्याने ताऱ्यांची पोटे कधी पाहिलेली नाहीत. वीस मिलिमीटर चाचणीसाठी घेतली आहे.

१८ जानेवारी, अमावस्या

भोकरच्या पुढे, आपल्या गावी. आकाशाचा काळोख मोजण्याचे यंत्र सोबत नेले होते. नांदेडमध्ये माझ्या गच्चीवरून आकाश मुरंब्याच्या रंगाचे दिसते. भोकर बरे. देगलूरच्या रस्त्यावरचा माळ त्याहून बरा. परंतु आजवर मोजलेला सर्वोत्तम अंधार माझ्या जन्मगावी आहे, त्यातही आमच्या वस्तीत. कारण उघड आहे. रस्त्यावरचे दिवे वेशीपाशी संपतात आणि वस्ती वेशीच्या पुढे आहे.

अश्वजित हसला. 'आक्का, अंधार बघायला इथं गाडी करून येणारी तू पहिलीच!' धाकटा भाऊ म्हणून त्याला पुष्कळ सूट आहे. मग मुद्द्यावर आला. वेशीपासून वस्तीपर्यंत खांब हवेत. नळाला पाणी पहाटे चारला येते, नळ वेशीकडे, बायकांना अंधारातून जावे लागते. वीजखात्यात केरबा आता उपअभियंता आहे — माझा विद्यार्थी. 'अर्ज तर कधीचाच दिलाय. तू एक फोन कर. तुपला शब्द तो खाली पडू देणार न्हाई.'

पडू देणार नाही, हे खरे. वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. मी म्हटले, करते. मार्चची अमावस्या झाली की करते. एकदा दिवे लागले की ही जागा छायाचित्रणाच्या दृष्टीने संपली. इतकी वर्षे गेली, तेथे दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. क्रम योग्य आहे.

पारूआत्या ओट्यावर बसून ऐकत होत्या. बाबांची थोरली बहीण; वय ऐंशीच्या आसपास, घागर अजून स्वतः आणतात. म्हणाल्या, 'माये, त्या काचंत आपली वस्ती येती का?'

खालच्या कडेला काळी पट्टी म्हणून येईल, असे मी सांगितले.

'मंजी हाय तशीच.'

२५ जानेवारी

महाविद्यालयाच्या मागच्या मार्गिकेतले दिवे बंद करून वीसची चाचणी घेतली. चांदीच्या कागदाला सुईने भोके, मागे बॅटरी — कृत्रिम तारे. मध्यभागी टाचणीच्या टोकासारखे. उजव्या खालच्या कोपऱ्यात प्रत्येक ताऱ्याला पंख! लेन्सचे छिद्र लहान केले की पंख मिटतात, पण प्रकाशही जातो. सहकारी म्हणाले, 'एवढं कोण बघतंय मॅडम?'

मी बघते.

१७ फेब्रुवारी, अमावस्या

गावी. अन्य लेन्स हाती नव्हती म्हणून वीसच नेली. अपेक्षेप्रमाणे कोपरा वाईट आला, परंतु फोटोच्या सगळ्या चौकटी वाया जाण्याचे कारण ते नव्हे. चारला पाणी आले आणि वस्तीतल्या बायका मोबाईलच्या बॅटऱ्या लावून नळाकडे निघाल्या! पंचवीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चालत्या बॅटरीची रेघ उमटते. आकाशगंगेखाली पांढऱ्या सुतळ्या ओढल्यासारखे दिसते. एक चौकट वाचली होती. तीत पुनमने — अश्वजितच्या बायकोने — माझ्या तोंडावर उजेड पाडून विचारले, 'आक्का, चहा ठिवू का?'

वाटेवर कोणीतरी खड्डे खणून ठेवले आहेत, वेशीपासून वस्तीपर्यंत एका ओळीत. तिपाईचा पाय एकात गेला. कशाला, असे अश्वजितला विचारले. तो आत्यांकडे बघून म्हणाला, 'झाडं लावायचीत.' वस्तीला अचानक वृक्षप्रेम! झाडांसाठी हे अंतर फार जास्त आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. आत्या म्हणाल्या, 'मोठी व्हत्यात गं ती.'

खांबाचा विषय त्याने या वेळी काढला नाही. एकदा सांगितलेले लक्षात ठेवले. समाधान वाटले.

२२ फेब्रुवारी

लातूर. वीस परत केली. उमाशंकर म्हणाला, 'मॅडम, नवरामुलगा बघावा तसं करून राहिलात तुम्ही. कुठंतरी हो म्हणा की!' नवऱ्यामुलालाही मी कधी हो म्हटले नाही, हे त्याला ठाऊक नसावे.

चौदा मिलिमीटर दाखवली. फोकस हाताने करावा लागतो, म्हणून लग्नवाले तिला हात लावत नाहीत. कमान पूर्ण मावेल. भिंग मात्र बाहेर आलेले, बटाट्यासारखे. पुढे झाकण-काच बसत नाही. ती अडचण मला मान्य आहे.

१ मार्च

चौदाचा पहिला नग: डावी बाजू स्वच्छ, उजवी धूसर. आतली भिंगे अक्षावर नाहीत. परत.

उमाशंकर फोनवर फक्त 'हाव' म्हणाला, म्हणजे हो. शिकतो आहे.

८ मार्च

दुसरा नग. चारही कोपरे.

चारही!

पुन्हा तपासले. दोष सापडला नाही. अस्वस्थ वाटले.

१५ मार्च

अश्वजितला फोन. एकोणीसच्या पहाटे चार ते साडेचार कोणीही बॅटरी लावू नये, एवढीच व्यवस्था कर म्हटले. अर्धा तास उशिरा पाणी भरले तर उत्तम.

'नळ उशिरा जात न्हाई ना आक्का. साडेचारला पानी बंद. भरावं तर लागंल.'

मग अंधारात भरा. पायाखालची वाट आहे, जन्मापासूनची.

मागून आत्यांचा आवाज आला — 'हाव म्हण की! पोरीचं पुस्तक हाय.' आणि मग बाहेर तोंड करून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असे: 'आयकलं का गं? गुरवारी कुनी बॅटरी लावली तर मोबाईल हिरीत टाकीन!'

वयाच्या मानाने आवाज खणखणीत आहे.

१९ मार्च, गुरुवार

हवा कोरडी, ढग नाही, वारा नाही. पाच चौकटी.

शब्द पाळला सगळ्यांनी. बायका गेल्या, आल्या. पावलांचा आणि बांगड्यांचा आवाज तेवढा. एकही ठिपका नाही. तिसऱ्या चौकटीच्या वेळी वेशीच्या बाजूला भांडे पडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ कुजबुज. प्रकाश नव्हता, त्यामुळे चौकटीवर परिणाम नाही.

साडेचारला आवरले. अश्वजित बोलला होता की निघताना चहा घेऊन जा. घरी कोणी दिसले नाही. पाडवा असूनही अकराला प्रात्यक्षिक परीक्षा होती, तशीच निघाले.

दुपारी संगणकावर पाहिले. ईशान्येपासून दक्षिणेपर्यंत अखंड कमान. कोपऱ्यातले तारे टाचणीच्या टोकासारखे. सर्वोत्तम चौकट तिसरी. अडतीस वर्षांत हातून झालेल्या कोणत्याही कामाला मी पूर्ण गुण दिलेले नाहीत.

याला देते.

२० मार्च

पुनमचा फोन. आत्या काल पहाटे वाटेवरच्या खड्ड्यात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. नांदेडलाच आणले आहे, स्टेशनजवळच्या दवाखान्यात, काल सकाळपासून.

काल सकाळपासून! मला आज का कळवले?

'तुमची परीक्षा व्हती म्हनं आक्का. आत्याबाईच नको म्हनल्या.'

पहाटे किती वाजता, असे मी विचारले. मला उत्तर माहीत होते. तरी विचारले.

२२ मार्च

दवाखान्यात तिसऱ्यांदा. उद्या शस्त्रक्रिया. डॉक्टर तरुण आहे, नखे स्वच्छ आहेत, प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत देतो. ठीक.

पुनमने सगळे सांगितले. आत्या पडल्या तेव्हा महादेवीने — शेजारची — मोबाईल काढला होता. आत्यांनी खड्ड्यातूनच तिचा हात धरला. 'थांब गं. तिचा फोटू व्हऊ दे.' बायका अंधारात त्यांच्याभोवती बसून राहिल्या. माझ्या गाडीचे दिवे रस्त्याला लागल्यावर मग बॅटऱ्या लावल्या.

मी अश्वजितवर चिडले. महिना उलटला, झाडे लावली नाहीत, तर खड्डे बुजवायचे तरी! उघडे खड्डे वाटेवर ठेवणारा माणूस बेजबाबदार असतो, असे दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत सुनावले. तो खाली बघत राहिला. त्याचा हा स्वभाव नव्हे.

आत्यांना फोटो बघायचा होता. मोबाईलवर दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी.

'लई चांदन्या हायत गं. म्या रोज बगते, पन येवढ्या न्हाई दिसत. आन् ह्यात मी कुठं?'

उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. इथे.

'काईच दिसून न्हाई राहिलं.'

नाही दिसत.

'बरं झालं. लुगडं फाटकं व्हतं.'

२३ मार्च

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्या. पहिला प्रश्न — घागरीला पोचा पडला का.

प्रकाशकांचे दोन फोन. फोटो अद्याप पाठवलेला नाही.

२४ मार्च

सकाळी केरबाला फोन केला. माझ्या गावच्या वस्तीला खांब हवेत, आजच्या आज बघ, असे म्हटले.

'मॅडम, खांबांची गाडी सकाळीच निघाली की. पाडवा झाला ना.'

पाडव्याचा काय संबंध?

'अर्ज मंजूर झाला तसे फेब्रुवारीतच खांब घेऊन गेलो होतो आम्ही. खड्डे पण खणून झाले होते. पारूबाईंनी ट्रॅक्टर वेशीवरनंच परत लावला. म्हणल्या, आमच्या पोरीला अंधार पाहिजे, पाडव्याच्या नंतर या.'

मला कोणी सांगितले का नाही, असे विचारले.

'तुम्ही लेन्स बघून राहिल्या होत्या ना, मॅडम.'