तिसरी घंटा

माधव नगर, उज्जैन
डिसेंबर १९५६

ती. सौ. आईस,
विनोदिनीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पुरुष येईपर्यंत ताट झाकून बसणाऱ्या आपण सगळ्याजणी, आई. भूक आपली आणि वेळ त्यांची. राजधानी भोपाळला गेली, पण साहेबांची वाट बघणं इथेच राहिलं.

मी खुशाल आहे. कॉलेजातले तास संपले की इथल्या नाट्यमंडळाच्या नाटकाची रंगमंच-व्यवस्था शिकते. अंधारात खुर्ची कुठे ठेवायची, त्याच्या खडूने खुणा करते. मिठाच्या पाण्याच्या बरणीत विजेच्या तारेला जोडलेला पत्रा हळूहळू खाली सोडला की रंगमंचावरचा दिवा उजळतो, तेही जमतं. त्यात हात भाजला होता, आता बरा आहे.

शनिवारी ठरल्याप्रमाणे सातला मी तिसरी घंटा दिली आणि पडदा उघडवला. मुख्य पाहुणे असलेले साहेब दुसऱ्या अंकात उगवले. आमचे चिटणीस भय्यासाहेब धावत आत आले.

“बाई, साहेबांच्या आधी परदा उघडून दिला तुम्ही?”

“सभागृह भरलं होतं की.”

“ते लोक तर रोजचेच आहेत.”

नाटक त्या रोजच्या लोकांचंच असतं, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. येत्या रविवारीही तेच साहेब येणार आहेत. साहेबांसाठी थांबायचं कबूल करा, नाहीतर घंटेचं काम सोडा, असं मंडळ म्हणतं. मी दोन्ही करणार नाही. साहेब बाबांच्याच खात्यातले आहेत, हे ठाऊक आहे. बाबांना भोपाळला क्वार्टर मिळालं का?

इकडे येण्यासाठी त्यांची परवानगी विचारत बसू नकोस. रविवारी इंदूरहून दुपारची गाडी धर आणि सातच्या आत पहिल्या रांगेत, साहेबांच्या राखीव खुर्चीवर येऊन बस.

तुझी,
विनू