खंडेनवमीचं पिस्तूल

ॲन आर्बर,
१३ मे २००७

प्रिय प्रतिमा,

मंगळवारी तुझा फोन आला आणि 'हो हो, पाठव की रुचाला' म्हणून मी मोकळी झाले. समरचे दोन महिने रुचा माझ्याकडे राहणार, तू नव्या जॉबवर निर्धास्त जाणार, सगळं ठरलं. वर माफीही तूच मागितलीस, 'ताई, तेव्हा मी फारच ओव्हररिॲक्ट केलं.' फोनवर मला भांडता तेवढं येतं, बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. तिकीट बुक करायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच.

त्या पिस्तुलाबद्दल तू मला कधी बोलूच दिलं नाहीस. विषय काढला की कानांवर हात. आज ऐक. ग्रीन कार्ड आल्यावर लोक घरं घेतात, मी हे घेतलं. नेमबाजीच्या क्लबात आधी मला पूर्ण मापाचं पिस्तूल दिलं होतं. माझी बोटं तुला माहीतच आहेत, कासाराकडे अजून लहान मुलींच्या बांगड्या होतात मला. अंगठा सेफ्टीच्या खटक्यापर्यंत पोचेना. मग तिथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या अर्लनी त्याचंच छोटं रूप हातात ठेवलं. तीन इंचांची नळी, आखूड मूठ, बाकी घडण तीच. काय सांगू तुला! हातात असं बसलं की मी चक्क 'अगंबाई' म्हणाले. घेतल्यावर पोलीस स्टेशनात नेऊन दाखवावं लागतं, तिथला ऑफिसरसुद्धा दोनदा उलटसुलट करून बघत राहिला.

पण दिसतं तसं गरीब नाही हं ते. छोटं म्हणजे सोपं, असं सगळ्यांना वाटतं. उलट, जितकं छोटं तितकं जास्त उसळतं. आतली स्प्रिंग इतकी कडक, की वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढून ओढून माझ्या तळहाताची सालं निघाली. मनगट जरा ढिलं पडलं की उडालेलं काडतूस बाहेर न पडता तिथेच अडकायचं. पहिल्या दोनशे गोळ्यांत अकरा वेळा अडकलं. मी वैतागून परत करायला निघाले, तर अर्ल म्हणाले, गन इज फाइन, लता, तुझं मनगट झोपलंय. मग रोज सकाळी दुधाचा गॅलन हात ताठ करून धरायला लागले. महिनाभरात सलग पाचशे गोळ्या, एकदाही अडकणं नाही! सात यार्डांवरून कागदावरची माझी सगळी भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली जातात. शनिवारी मोठमोठे बाप्ये आपली मोठाली पिस्तुलं खाली ठेवून बघायला येतात. ऐटीत सांगतेय, सांगू दे. नाना असते तर त्यांनी अख्ख्या साताऱ्याला सांगितलं असतं.

खंडेनवमीचं खूळ नानांचंच. पोलीस मुख्यालयातलं शस्त्रागार त्यांच्याकडे, त्या दिवशी रायफलींना झेंडूच्या माळा घालायच्या, आपण दोघी नवे फ्रॉक घालून पेढे खायला जायचो. गेल्या वर्षी तुम्ही तिघं नेमकी त्याच वीकेंडला एडिसनहून आलात, म्हणून मला उत्साह. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, कात्री, माझा लॅपटॉप आणि मधोमध पिस्तूल. गोळ्यांचं मॅगझीन काढून शेजारी ठेवलेलं. हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, मी नैवेद्याचं ताट आणायला वळले. रुचाने ते दोन्ही हातांनी उचललं आणि 'मम्मी, लुक, बाप्पाची गन' म्हणत तुझ्याकडे रोखलं.

तू किंचाळलीस. तिच्या हातातून ते हिसकावलंस, तिला एक थोबाडीत दिलीस आणि मला नाही नाही ते बोललीस. मीही काही कमी नव्हते. ते बघ मॅगझीन बाहेर, पिस्तूल रिकामं आहे, मूर्ख कुठली, पोरीला सणासुदीला मारतेस, असं सगळं ओरडले. यतीनने, तुझ्या नवऱ्याने, माझी बाजू घेतली. तू जेवली नाहीस, बॅग भरलीस आणि रुचाला घेऊन तडक एअरपोर्ट गाठलास. नंतर आईने साताऱ्याहून तुलाच फोनवर झापलं, आणि यतीन अजून चारचौघांत तो किस्सा हसत हसत सांगतो. मी ऐकत असते.

तुम्ही गेल्यावर मी कुंकू पुसायला पिस्तूल हातात घेतलं. स्लाइड मागे ओढली. एक गोळी उडी मारून बाहेर आली आणि पाटाखाली गेली.

मॅगझीन काढलं तरी नळीत चढलेली गोळी तिथेच राहते, प्रतिमा. हे मला माहीत होतं. क्लबात नव्या लोकांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. नानासुद्धा रायफलीला माळ घालायच्या आधी बोल्ट उघडून आत बोट घालून बघायचे. त्या दिवशी माझी आंघोळ झालेली, समईचं तेल हाताला लागलेलं, ती कडक स्लाइड निसटत होती. म्हटलं, मॅगझीन तर काढलंय, पूजेपुरतं तर ठेवायचंय. सेफ्टीचा खटका लावलेला होता का? आठवत नाही. सात महिने आठवतेय.

कुणालाच सांगितलं नाही. तू माफी मागितलीस तेव्हाही तोंड उघडलं नाही, म्हणून हे पत्र. पिस्तूल विकलेलं नाही, तिजोरीत कुलपात आहे आणि अजून मला ते तितकंच आवडतं. विकलं असं लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, पण आता तुला आणखी खोटं सांगायचं नाही. आईला रविवारी मी स्वतः फोन करते. यतीनला हे वाचायला दे, त्याच्यासमोर बसून. रुचाला पाठवायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालीस तर चकार शब्द काढणार नाही. त्या दिवशी त्या खोलीत एकच शहाणं माणूस होतं, आणि त्याला मी सगळ्यांच्या देखत मूर्ख म्हटलं.

तुझीच चुकलेली,
लताताई