त्रिनेत्र चौकशी केंद्राच्या फुकट अवजारांची वाटणी

मी, महेश्वर गुरुसिद्धप्पा उंबरजे, वय ७१, धंदा खाजगी चौकशी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांचा कंपाउंडर आठवड्यापूर्वी भांडून गेला हेही सांगितले. त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा पुतण्या आणणार होता, पण त्यासाठी त्याला खुर्चीतून उठावे लागले असते.

एक गोष्ट मी माझी एकुलती मुलगी धनलक्ष्मी हिच्यापासून नऊ वर्षे लपवली आहे. ती कलम ५ मध्ये लिहिली आहे. ते वाचून तिने मला बाप म्हणावे की म्हणू नये, हे तिच्यावर सोपवतो. बाकी वाटणी खालीलप्रमाणे.

कलम १. बाळीवेसेतील शेंगाचटणीच्या दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि बँकेत जी शिल्लक निघेल ती, सर्व धनलक्ष्मीला. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद नातेवाईकही वाचतील. माझी पत्नी कै. सुंदरम्मा हिच्या पाटल्या धनलक्ष्मीकडेच आहेत. भावकीतल्या बायका त्या कुठे आहेत म्हणून विचारत असतात. त्यांनी आता विचारणे बंद करावे.

कलम २. त्रिनेत्र चौकशी केंद्र, त्याची पाटी, कपाट आणि टेलिफोन, हेही धनलक्ष्मीला. हे केंद्र मी १९९९ साली काढले. त्याआधी मी कोर्टात बेलीफ होतो. समन्स घेऊन दारात उभा राहिलो की आतून बाई सांगायची, "साहेब घरात न्हाईत," आणि पाठोपाठ साहेबांचा खोकला यायचा. माणूस कसा खोटे बोलतो याचे शिक्षण मला सरकारी पगारावर मिळाले.

खाजगी गुप्तहेर म्हटले की लोकांना पिस्तूल आणि लांब कोट आठवतो. आमच्याकडे दहातली नऊ कामे सोयरिकीची. मुलाकडचे येतात आणि मुलगी कॉलेजात कोणाबरोबर चहा प्यायची ते विचारतात. स्वतःचा मुलगा काय पितो, हे सव्वीस वर्षांत एकाही बापाने विचारले नाही. अशा लोकांच्या जिवावर मी जगलो याची मला लाज नाही, पण त्यांच्यापैकी कोणी माझ्या मातीला आले तर त्यांना दारातूनच परत लावावे.

कलम ३. माझा पुतण्या शरणबसव याला माझी फिरती खुर्ची द्यावी. तो बारा वर्षे तिच्यात बसला आहे, तेव्हा ती त्याच्या अंगाला बेतली आहे. सोबत माझी दुर्बीणही द्यावी. मी ती एकदाही वापरली नाही, तोही वापरणार नाही.

या शरणबसवने 'खाजगी चौकशी संस्था चालवण्यासाठी फुकट साधने व सूचना' नावाचे एक्केचाळीस पानांचे पुस्तक संगणकावर करून व्हॉट्सॲपवर सोडले आहे. त्यात फोटो टाकून माणूस शोधणे, कोर्टाच्या संकेतस्थळावर खटला पाहणे, घरबसल्या सातबारा काढणे, मतदार यादी चाळणे, असे सगळे आहे. शेवटच्या पानावर स्वतःचा काळ्या चष्म्यातला फोटो आहे. चौकशी करणाऱ्याने आपला फोटो दोन हजार लोकांना पाठवू नये, ही सूचना तेवढी त्यात नाही. पुस्तक वाचून करमाळ्याच्या एका गृहस्थाने स्वतःच्याच बायकोवर पाळत ठेवली. तिने त्याला पहिल्याच दिवशी पकडले आणि घरी परत येताना भाजी आणायला लावली.

कलम ४. माझी स्वतःची फुकट अवजारे धनलक्ष्मीला देतो. ती कपाटात सापडणार नाहीत, म्हणून इथे लिहितो. वाळत घातलेले कपडे बघावेत. घरात किती माणसे आहेत हे दोरी सांगते. जुनी लग्नपत्रिका मागून घ्यावी आणि तिच्यात कोणत्या चुलत्याचे नाव गाळले आहे ते पाहावे, मग त्या चुलत्याकडे जावे. तो चहाही पाजतो आणि सगळे सांगतो. न्हाव्याला प्रश्न विचारू नये, नुसते दाढीला बसावे. देवळाच्या पुजाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याला दोन्हीकडून दक्षिणा मिळणार असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे कोणाचे लग्न मोडणे हे पाप समजतात. त्यामुळे शेजारी मुलाबद्दल वाईट कधीच बोलत नाहीत. दारुड्यालाही "पोरगं गरीब हाय की" म्हणतात, आणि पुण्य केल्यासारखे झोपतात. ही असली पुण्यवान माणसे मी जिल्हाभर पाहिली. त्यांच्यासारखी निर्दय माणसे कोर्टातही पाहिली नाहीत.

कलम ५. २०१६ साली धनलक्ष्मीला मोहोळच्या अजिंक्यचे स्थळ आले. शरणबसवने खुर्चीत बसून कोर्टाचे संकेतस्थळ पाहिले आणि सगळे स्वच्छ असल्याचे सांगितले. लग्न झाले. चौथ्या महिन्यात धनलक्ष्मीला कळले की करमाळ्यात अजिंक्यची विजयमाला नावाची पहिली बायको आहे, आणि तिला त्याने ना नांदवले ना सोडले. धनलक्ष्मी घरी परत आली. शरणबसवच्या संगणकाने पोरीचा घात केला, असे मी सगळ्या भावकीत सांगितले. त्याने खाली मान घालून ते ऐकून घेतले. आजही लोक त्याला तेच ऐकवतात.

ते खोटे आहे. मोहोळला मी स्वतः गेलो होतो.

गळ्यात विमा एजंटाचे ओळखपत्र अडकवून मी स्टँडजवळ मायाक्काच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि अजिंक्यचा विषय काढला. तिने गाळणी बाजूला ठेवली. म्हणाली, "विमेवाले, लगीन मोडायचं पाप मला नगं. पर पोरीचा बाप हितं आला तर त्याला एक गोष्ट सांगीन. दुसऱ्या कुणाला न्हाय."

मी बाप होतो. तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. पण आपण कोण हे कधीही सांगायचे नाही, हा माझा धंद्यातला पहिला नियम. सतरा वर्षांत मला कोणी ओळखले नव्हते, याची मला घमेंड होती. बाई उगाच भाव खातेय असे मी मनाशी ठरवले, चहा संपवला आणि एसटीत बसलो. घरी येऊन अहवालावर 'हरकत नाही' लिहिले. दुसऱ्यांना मूर्ख ठरवण्यात मी जन्म घालवला, पण माझ्याएवढा मूर्ख मला सापडला नाही.

धनलक्ष्मीने पुढे काय केले ते सांगतो. ती करमाळ्याला गेली, विजयमालाचे दार वाजवले आणि म्हणाली, "मी अजिंक्यची दुसरी बायकू." विजयमालाने तिला आत घेतले, जेवू घातले आणि स्वतःच्या लग्नाची पत्रिका हातात दिली. त्या पत्रिकेच्या पुराव्यावर कोर्टाने धनलक्ष्मीचे लग्न रद्द ठरवले. मला सव्वीस वर्षांत जे जमले नाही ते तिने एका वाक्यात केले. हे अवजारही फुकटच होते. म्हणून केंद्र तिला दिले आहे, मुलगी म्हणून नव्हे.

शरणबसववर केलेला आरोप मी परत घेतो. त्याचे पुस्तक भिकारच आहे, पण घात त्याने केला नाही. भावकीने हे कलम मोठ्याने वाचावे.

कलम ६. माझी चौदा खोटी ओळखपत्रे, विमावाला, मीटरवाला, पाहणीवाला वगैरे, आम्हा लिंगायतांच्या रीतीने मला बसवून पुरतील तेव्हा माझ्या मांडीवर ठेवावीत. वर जमिनीवर कोणाच्या हाती लागू नयेत.

जादा मजकूर. साक्षीदार म्हणून सही मागायला मी गेल्या सोमवारी मायाक्काकडे गेलो. तिने मला ओळखले. "विमेवाले न्हवं तुमी?" मी म्हणालो, "न्हाय. मी त्या पोरीचा बाप." ती चहा ढवळू लागली. मग म्हणाली, "लई उशीर केलासा की. पोरीला सांगितलंसा का?" मी नाही म्हणालो. "मग मी अंगठा देनार न्हाय. मेल्यावर सांगनारा बाप काय कामाचा? आदी तिला वाचून दावा."

आज सकाळी मी कलम ५ धनलक्ष्मीला वाचून दाखवले. भांडी घासून झाल्यावर तिने विचारले, "ती बाई अजून हाय का तितं?" मी हो म्हणालो. "मग उठा, अप्पा. चपला घाला." एसटीत ती माझ्या शेजारी बसली, पण मोहोळ येईपर्यंत माझ्याकडे पाहिले नाही. शरणबसवलाही तिने फोन करून बोलावले. तो खुर्ची सोडून आला आहे आणि टपरीबाहेर उभा आहे. कोर्टातला माझा जुना सोबती शेंडगेही साक्षीला आला आहे.

सही करायला पेन उघडले तेव्हा धनलक्ष्मी म्हणाली, "अप्पा, निदान आज तरी तुमी कोण ते लिवा."

तिच्या सांगण्याप्रमाणे लिहीत आहे.

स्थळ : मायाक्काची टपरी, मोहोळ
दिनांक : १५ फेब्रुवारी २०२५

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली, ती आम्ही पाहिली :
१. अभिमन्यू दगडू शेंडगे, निवृत्त बेलीफ, करमाळा (सही)
२. मायाक्का भीमराव लोंढे, चहावाली, मोहोळ (डाव्या हाताचा अंगठा)

लिहून देणार :
महेश्वर गुरुसिद्धप्पा उंबरजे
धनलक्ष्मीचा बाप
(सही)